हाताची ऊब आणि ‘ऊर्जे’चा दावा



आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. मूल तापाने फणफणले की अम्मी आधी कपाळाला हात लावते, थर्मामीटर नंतर शोधते. पोट दुखणाऱ्या नातवाच्या पोटावरून हात फिरवत नानी आयतुल कुर्सी पढते आणि फुंकर घालते. हे सारे आपल्या घरात कोणी शिकवावे लागत नाही.

आता मात्र याचे क्लास निघाले आहेत. रेकी, प्राणिक हीलिंग, थेरप्यूटिक टच अशी त्यांची नावे. एका दिवसात पहिली पातळी, मग दुसरी, मग मास्टर. गुडघेदुखी, झोप न येणे, साखर, मूल न होणे, परीक्षेची भीती, सगळ्यावर उपाय असल्याचे मेसेज महिलांच्या ग्रुपवर फिरत असतात. पालकसभा संपल्यावर काही माता आमच्याजवळ थांबतात आणि हळूच विचारतात : हे खरे असते का? आपल्यात हे चालते का? आणि औषध बंद करून हेच केले तर?

तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. तिसऱ्यात तर जिवाचा प्रश्न आहे. म्हणून या महिन्यात या पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहू या.

रेकी : तळहात अंगावर

रेकीचा जन्म जपानचा. मिकाओ उसुई (१८६५–१९२६) या गृहस्थांनी क्योटो शहराच्या उत्तरेला असलेल्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपवास आणि ध्यान केले, तिथे त्यांना ही विद्या मिळाली, असे रेकीवाले सांगतात. साल १९२२. त्याच वर्षी त्यांनी टोकियोत संस्था काढली. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलातून निवृत्त झालेले होते. हात कुठे कुठे ठेवायचा याची ठरीव पद्धत त्यांनी बसवली. त्यांच्याकडे हवायो ताकाता नावाची, हवाई बेटांवर जन्मलेली जपानी वंशाची विधवा बाई १९३५ साली उपचारासाठी आली आणि तिथेच ही विद्या शिकली. त्या बाईंनी रेकी अमेरिकेत नेली. १९८० साली त्यांचा इंतिकाल झाला तोवर त्यांनी २२ मास्टर तयार केले होते. पुढे अमेरिका-युरोपात फिरून रेकी भारतात आली.

पद्धत अशी : माणूस कपड्यांसह आडवा पडतो. उपचार करणारा डोके, छाती, पोट, पाठ अशा ठिकाणी तळहात अलगद ठेवतो किंवा किंचित वर धरतो. दाबणे नाही, चोळणे नाही. एका ठिकाणी काही मिनिटे, सगळे मिळून पाऊण ते एक तास. रेकीवाले म्हणतात की विश्वात एक जीवनशक्ती आहे, उपचार करणारा तिचा फक्त नळ आहे, आणि हा नळ उघडण्याचे काम मास्टर दीक्षा देऊन करतो. वरच्या पातळीवर काही चिन्हे शिकवतात. ती वापरून दुसऱ्या गावच्या माणसावरही उपचार करता येतो, असा दावा असतो.

प्राणिक हीलिंग : हात अंगापासून दूर

ही पद्धत फिलिपिन्सची. चोआ कोक सुई हे चिनी वंशाचे केमिकल इंजिनीअर आणि उद्योजक. त्यांनी १९८७ साली पुस्तक लिहून ती मांडली. यात रोग्याला हात लावतच नाहीत. काही इंचांवरून तळहात फिरवून शरीराभोवतीची ‘ऊर्जा’ कुठे कमी आहे, कुठे तुंबली आहे ते ‘तपासतात’. मग हाताने झाडल्यासारखे करून ‘घाण ऊर्जा’ काढतात आणि मिठाच्या पाण्याच्या भांड्यात झटकून टाकतात. शेवटी ‘ताजी ऊर्जा’ भरतात.

रेकीत करणारा म्हणतो, मी काहीच करत नाही, शक्ती आपोआप जिथे हवी तिथे जाते. प्राणिकमध्ये करणारा म्हणतो, मी शोधतो, काढतो, भरतो. एका ठिकाणी नळ, दुसऱ्या ठिकाणी मेकॅनिक. मिठाच्या पाण्याचे वाचून आपल्याकडची मीठ-मोहरीने नजर काढण्याची रीत आठवली असेल तर नवल नाही.

थेरप्यूटिक टच : परिचारिकांची पद्धत

तिसरी पद्धत अमेरिकेतली. न्यूयॉर्क विद्यापीठात परिचर्या शिकवणाऱ्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर आणि त्यांच्या सहकारी डोरा कुन्झ यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सुरू केली. नावात ‘टच’ म्हणजे स्पर्श आहे, पण बहुतेक वेळा स्पर्श होत नाही. परिचारिका आधी मन शांत करते, मग रोग्याच्या अंगापासून काही इंचांवर हात फिरवते आणि त्याचे ‘ऊर्जाक्षेत्र’ नीट करते. ही पद्धत हजारो परिचारिकांनी शिकली आणि काही रुग्णालयांतही ती शिरली. नर्सच्या पोशाखातला हात आला की लोकांचा विश्वास लवकर बसतो.

डोरा कुन्झ या थिऑसॉफिकल सोसायटीच्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली निघालेल्या या संस्थेचे मुख्यालय पुढे आपल्या मद्रासजवळ अड्यारला आले. त्याच वर्तुळातल्या लेडबीटर यांनी १९२७ साली चक्रांवर पुस्तक लिहिले आणि रंगीत चक्रांची चित्रे जगभर पोहोचली. आज प्राचीन म्हणून आपल्याला दाखवली जाणारी बरीचशी मांडणी शंभरेक वर्षांतली आहे.

साम्य कुठे, फरक कुठे

फरक वरवरचे आहेत : हात लावायचा की नाही, दीक्षा लागते की अभ्यास पुरतो, शक्ती बाहेरून येते की आतली नीट करायची. साम्य मात्र पायाचे आहे. तिन्ही पद्धती म्हणतात की शरीरात किंवा शरीराभोवती एक ऊर्जा आहे, ती बिघडली की आजार होतो आणि शिकलेल्या हाताला ती कळते.

शाळेतला विज्ञानाचा शिक्षक इथे एकच प्रश्न विचारील. ऊर्जा मोजता येते. उष्णता थर्मामीटरने, वीज मीटरने. ही ऊर्जा कोणत्या मापाने मोजायची? यंत्र नसेल तर निदान एवढे तरी दाखवा की ज्यांना ती हाताला कळते त्यांना डोळे झाकून कळते का? ही तपासणी दोनदा फार सोप्या रीतीने झाली आहे.

पॅरिसची जर्दाळूची झाडे

फ्रान्झ मेस्मर हे व्हिएन्नाचे डॉक्टर. पॅरिसला येऊन त्यांनी सांगायला सुरुवात केली की सर्व जीवांत एक चुंबकी द्रव वाहतो आणि मी हात फिरवून तो वळवू शकतो. रोगी थरथरत, रडत, बेशुद्ध पडत आणि मग आम्हाला बरे वाटले म्हणत. गर्दी इतकी झाली की १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि त्या वेळी पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील असलेले बेंजामिन फ्रँकलिनही होते.

फ्रँकलिन यांच्या पासी येथील बागेत एक प्रयोग झाला. मेस्मर यांच्या शिष्याने एका जर्दाळूच्या झाडावर ‘प्रभाव’ भरला. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणले. हा मुलगा या प्रभावाला फार लवकर वश होणारा म्हणून निवडला होता. त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. प्रत्येक झाडापाशी त्याचा त्रास वाढत गेला आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. त्या चौथ्या झाडावर कोणी काहीच केलेले नव्हते.

मुलगा ढोंगी होता असे समितीने म्हटले नाही. तो खरेच बेशुद्ध पडला, पण झाडातल्या द्रवामुळे नव्हे, त्याच्या मनात बसलेल्या कल्पनेमुळे. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. आपल्या ओळखीतली बाई म्हणते, ‘रेकी घेताना अंगातून गरम लहर गेली’, तेव्हा ती खोटे बोलत नसते. लहर तिला खरेच जाणवली. ती कशामुळे आली हा वेगळा प्रश्न आहे.

नऊ वर्षांच्या मुलीची परीक्षा

दुसरी तपासणी आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो, कारण ती एका शाळकरी मुलीने केली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एमिली रोझा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने थेरप्यूटिक टच हा विषय घेतला.

तिने एक पुठ्ठ्याचा पडदा केला, खाली दोन भोके ठेवली. उपचार करणाऱ्याने त्यातून दोन्ही हात पलीकडे घालायचे, तळवे वर करून. पलीकडे बसलेली एमिली नाणे उडवून ठरवायची की आपला हात त्यांच्या डाव्या हातावर धरायचा की उजव्या. हात न लावता, थोडा वर. मग विचारायचे : माझा हात कोणत्या बाजूला आहे?

ज्यांना रोग्याचे ऊर्जाक्षेत्र हाताला कळते त्यांना एवढे तरी कळायला हवे होते. २१ जणांवर मिळून २८० वेळा ही चाचणी झाली. बरोबर उत्तरे आली १२३, म्हणजे शंभरात ४४. डोळे मिटून नुसता अंदाज बांधला असता तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती.

यात ना महागडे यंत्र होते ना प्रयोगशाळा. एक पुठ्ठा, एक नाणे आणि नीट विचारलेला प्रश्न. इतकी वर्षे इतक्या मोठ्या माणसांनी ही पद्धत वापरली, पण हा प्रश्न विचारायला एक मूल लागले.

मग बरे का वाटते?

कारण बरे वाटण्याची खरी कारणे तिथे असतातच. तासभर शांत खोलीत आडवे पडायला मिळते. घरात सकाळी पाचपासून राबणाऱ्या बाईला असा तास शेवटचा कधी मिळाला होता? कोणीतरी नाव घेऊन विचारते, कुठे दुखते, कधीपासून दुखते. दवाखान्यात डॉक्टर तीन मिनिटांत चिठ्ठी हातात देतो. इथे एक माणूस पूर्ण तास तुमचा असतो. शिवाय पाठदुखी, डोकेदुखी, सांधेदुखी यांची भरती-ओहोटी असते. दुखणे फार वाढले की आपण उपाय शोधतो, आणि ते ओसरू लागले की श्रेय शेवटच्या उपायाला देतो.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. कर्करोगाच्या केमोथेरपीसाठी येणाऱ्या १८९ रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला. तो २०११ साली छापून आला. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याबरोबर खरी रेकी. तिसऱ्या गटाला खोटी रेकी, म्हणजे दीक्षा वगैरे न घेतलेल्या व्यक्तीने तसेच हात ठेवले. खऱ्या रेकीच्या रुग्णांना नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरे वाटले. खोट्या रेकीच्या रुग्णांनाही तसेच बरे वाटले. म्हणजे आराम दिला तो जवळ बसलेल्या, लक्ष देणाऱ्या माणसाने. दीक्षेने आणि चिन्हांनी त्यात भर पडली नाही.

अंगभर दुखत राहण्याचा एक आजार असतो. त्याच्या १०० रुग्णांवर २००८ साली छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात काहींवर रेकी मास्टरांनी आणि काहींवर तसा अभिनय करणाऱ्या नटांनी आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे उपचार केले. वेदना मोजल्या तेव्हा मास्टर आणि नट यांच्यात फरक दिसला नाही, आणि वेदनाही हटल्या नाहीत. मनाला आराम मिळणे आणि आजार हटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीची किंमत आम्ही कमी मानत नाही. पण पहिली मिळाली म्हणून दुसरी झाली असे धरून चालणे धोक्याचे आहे.

जिथे स्पर्शाने जीव वाचतो

आता स्पर्शाची दुसरी बाजू. कोलंबिया देशात बोगोटाच्या एका रुग्णालयात १९७८ साली काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवते, म्हणून हिला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढे घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मोठी चाचणी घेतली. भारतातले रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासची ३,२११ बाळे तिच्यात होती. काही बाळे प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवली, काही नेहमीच्या रीतीने आधी पेटीत. २०२१ साली निकाल छापला गेला. पहिल्या २८ दिवसांत पेटीच्या गटात शंभरातली जवळजवळ १६ बाळे दगावली, छातीशी ठेवलेल्या गटात १२. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली गेली.

इथे कोणत्याही गूढ शक्तीचे नाव घ्यावे लागले नाही. आईच्या अंगाची उष्णता, लवकर मिळालेले दूध, सतत जवळ असलेली आई, सगळे मोजता येणारे आहे. शिकायला फी नाही, दीक्षा नाही. तुमच्या घरात कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ झाले तर डॉक्टरांना आणि नर्सना याबद्दल जरूर विचारा. सासूबाईंनी ‘बाळाला सारखे अंगावर घेऊ नकोस, सवय लागेल’ म्हटले तर त्यांना हे वाचून दाखवा.

दम आणि दुआ

आता दुसरा प्रश्न : आपल्यात हे चालते का? कोणी म्हणेल, आपल्याकडेही हात ठेवून दम करतात, मग रेकीत आणि त्यात फरक काय?

बुखारी शरीफमध्ये नोंद आहे की हजरत साद बिन अबी वक्कास (र.अ.) आजारी असताना प्रेषित मुहम्मद (स.) भेटायला आले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, चेहऱ्यावरून आणि पोटावरून हात फिरवला आणि त्यांच्या शिफेसाठी अल्लाहपाशी दुआ केली. मुस्लिम शरीफमध्ये आहे की हजरत उस्मान बिन अबिल आस (र.अ.) यांच्या अंगात दुखणे होते, तेव्हा दुखते तिथे स्वतःचाच हात ठेवून बिस्मिल्लाह म्हणण्याची आणि अल्लाहची पनाह मागण्याची शिकवण त्यांना मिळाली. म्हणजे आजाऱ्यावर हात ठेवणे ही सुन्नत आहे.

पण हा हात शक्तीचा नळ नाही, तो मागणाऱ्याचा हात आहे. शिफा देणारा अल्लाह आहे. हाफिज इब्ने हजर यांनी बुखारी शरीफच्या भाष्यात दमसाठी उलेमांच्या एकमताच्या तीन अटी दिल्या आहेत : अल्लाहचे कलाम किंवा त्याची नावे व गुण यांनीच दम असावा, शब्द अरबी किंवा अर्थ कळणारे असावेत, आणि दम स्वतःच्या बळावर काही करतो असे मानू नये. आम्ही मुफ्ती नाही आणि फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण अर्थ न कळणारी चिन्हे, विश्वशक्तीचा नळ उघडून देणारा गुरू आणि ‘माझ्या हातात शक्ती आली’ ही भावना या अटींसमोर ठेवून पाहा. उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही. ज्यांना खुलासा हवा त्यांनी आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारावे.

ही शंका आपल्यालाच आली असेही नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी २००९ साली आपल्या रुग्णालयांसाठी आणि संस्थांसाठी रेकीवर मार्गदर्शन काढले. रेकीला विज्ञानाचा आधार नाही आणि ख्रिस्ती श्रद्धेचाही नाही, असे त्यांनी त्यात मांडले.

मोजपट्टी एकच

इथवर वाचून काही वाचकांना समाधान वाटले असेल की चला, या सगळ्या परक्या गोष्टी. म्हणून पुढचे लिहिणे गरजेचे आहे. रेकीला लावलेली मोजपट्टी आपल्या मोहल्ल्यातल्या आमिललाही लावली पाहिजे.

दारावर ‘रूहानी इलाज’ची पाटी, आत गर्दी, प्रत्येक आजाराचे एकच कारण ‘कोणीतरी केले आहे’, पाण्याची बाटली, तावीज, एकवीस दिवसांनी पुन्हा या, आणि दर खेपेला पैसे. मिरगीचे झटके येणाऱ्या मुलीला ‘असर’ म्हणून महिनोन्महिने फिरवतात. त्या मुलीला गोळ्या सुरू झाल्या असत्या तर ती वर्गात बसली असती. कुरआनची आयत पढली जाते म्हणून तिथला प्रत्येक व्यवहार कुरआनचा होत नाही.

अबू दाऊदमध्ये प्रेषितांची शिकवण नोंदली आहे की अल्लाहच्या बंद्यांनी इलाज करावा, कारण म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराचा इलाज त्याने उतरवला आहे. त्याच संग्रहात असेही आहे की वैद्यकी येत नसताना जो इलाज करायला बसतो, नुकसान झाले तर तो जबाबदार आहे. ही जबाबदारी रेकी मास्टरवर आहे, आमिलवर आहे आणि डिग्रीशिवाय सुया टोचणाऱ्या गल्लीतल्या ‘डॉक्टर’वरही आहे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, कर्करोग, मिरगी अशा यादीतल्या आजारांवर तावीज, मंत्र किंवा चमत्कारी उपायांची जाहिरात करायला मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. कुत्रा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तिथे ना हात चालतो ना औषध.

घरासाठी काही गोष्टी

एक. औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. साखरेची, रक्तदाबाची, मिरगीची, थायरॉइडची गोळी बंद करायची की कमी करायची ते डॉक्टर ठरवील. ‘आता याची गरज नाही’ असे उपचार करणारा म्हणाला की त्या दारातून लगेच बाहेर या.

दोन. काही लक्षणांना थांबायला वेळ देऊ नका : छातीतली गाठ, पंधरा दिवसांहून जास्त खोकला, अचानक वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, छातीत दुखून आलेला घाम, न भरणारी जखम. क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

तीन. मालिश आणि फिजिओथेरपी या वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे हात स्नायूंवर आणि सांध्यांवर काम करतो. शिकलेल्या माणसाकडून त्या जरूर घ्या. मात्र पडल्यावर हाड सुजले असेल तर चोळू नका, आधी एक्स-रे काढा.

चार. कोणी हात ठेवून उपचार करणार असेल तर दार बंद करून एकट्या बाईला किंवा मुलाला आत बसवू देऊ नका, तो मास्टर असो की आमिल. घरचे माणूस सोबत हवेच. यात संकोच किंवा अपमान मानण्यासारखे काही नाही.

पाच. क्लासची फी भरण्याआधी विचार करा. त्याच पैशात घरातल्या मोठ्यांची साखर, रक्तदाब आणि डोळे तपासून होतील.

सहा. ज्या गोष्टीसाठी लोक त्या खोलीत जातात ती घरात द्या. आजारी माणसाजवळ रोज थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवून बसा. हात हातात घ्या, कपाळावरून हात फिरवा, दुखते कुठे ते पूर्ण ऐकून घ्या, दुआ करा. सासूच्या पायांना तेल लावताना तिच्याशी बोला. दिवसभर राबलेल्या बायकोला नवऱ्याने तासभर आडवे पडू द्यावे आणि तेवढा वेळ मुले सांभाळावीत. आजाऱ्याची विचारपूस, जिला आपण इयादत म्हणतो, तो आपल्यावर एकमेकांचा हक्क आहे. दहा मिनिटे बसून, चहा पिऊन, ‘अमक्याला हेच झाले होते, तो गेला’ असे सांगून उठणे म्हणजे इयादत नव्हे.

गोळी वेळेवर द्यायची आणि हातही धरायचा. दोन्ही आपल्याच घरी होण्यासारखे आहे. ज्यांना या विषयावर काही विचारायचे असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर लिहावे. तब्येतीच्या प्रश्नांवर मात्र आम्ही एकच उत्तर देऊ : आधी डॉक्टरांना दाखवा.

अल्लाह आपल्या घरातल्या सर्व आजाऱ्यांना पूर्ण शिफा देवो आणि त्यांची खिदमत करणाऱ्या हातांना बरकत देवो. आमीन.